गेम एका कार्डावर, स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात: लॅपटॉपमधल्या दोन ग्राफिक्सची भानगड

परवा मामेभाऊ लॅपटॉप घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, "दादा, ह्याच्यात आरटीएक्स आहे असं स्टिकरवर लिहिलंय, पण माइनक्राफ्ट तीस एफपीएसच्या वर जायला तयार नाही, कार्ड डुप्लिकेट तर नाही ना?" (एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, स्क्रीनवर येतात तो आकडा.) आता लॅपटॉपमध्ये डुप्लिकेट कार्ड कोण घालत बसणार, पण पोराचा चेहरा बघून चेष्टा करायचं धाडस झालं नाही. गेम मागे चालू ठेवूनच टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सवर गेलो, तर खाली डावीकडे जीपीयू ० आणि जीपीयू १ अशा दोन ओळी, जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप. जीपीयू ० म्हणजे इंटेल, ९८ टक्के, घाम गाळतंय बिचारं. जीपीयू १ म्हणजे एनव्हिडिया, तेच ते स्टिकरवरचं आरटीएक्स, शून्य टक्के, ढाराढूर झोपलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पाच मिनिटांत काम झालं, कसं ते पुढे सांगतो, पण आधी हे असं होतंच का ते समजून घेतलेलं बरं. कारण नाहीतर लोक ह्या सेटिंगमधून त्या सेटिंगमध्ये फिरत बसतात, काहीतरी बंद करून ठेवतात आणि मग स्क्रीन विचित्र दिसायला लागली की विंडोज परत टाकतात.

तर, अशा लॅपटॉपमध्ये चित्र काढणारे दोघं असतात. एक प्रोसेसरच्या आतच बसलेला, त्याला इंटिग्रेटेड म्हणतात. इंटेलने तो २०१० मध्ये प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आणला आणि २०११ च्या सँडी ब्रिजपासून एकाच चिपवर घेतला, एएमडीने पण त्याच वर्षी लानो नावाच्या चिपने तेच केलं. दुसरा म्हणजे डेडिकेटेड, त्याची चिप वेगळी, मेमरी वेगळी, पंख्यातला वाटा वेगळा आणि वीज खाण्याची हौसही वेगळी.

दोघांमधला खरा फरक लोकांना वाटतो तसा फक्त ताकदीचा नाही, मेमरीचा पण आहे. इंटिग्रेटेडला स्वतःची मेमरी नसते, तो तुमच्या रॅममधलाच तुकडा वापरतो, आणि रॅम म्हणजे प्रोसेसरही वापरतोय, ब्राउझरच्या चाळीस टॅब पण वापरतायत, त्यात हा. डीडीआर४ प्रकारच्या रॅमची ३२०० वाली एकच पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जाऊ-येऊ शकतो, दोन पट्ट्या असतील तर ५१.२. आणि लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ३०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ३३६ जीबीपर्यंत जाते. आता ह्यात तुलना काय करायची. (जाता जाता: ज्यांच्याकडे फक्त इंटिग्रेटेड आहे आणि रॅमची एकच पट्टी लावलेली आहे त्यांनी दुसरी पट्टी टाकून बघा, गेममध्ये जो फरक पडतो तो कुठल्याही "बूस्टर" सॉफ्टवेअरने पडणार नाही.)

मग डेडिकेटेडच कायम का वापरत नाही? कारण मेल वाचायला आणि टायपिंग करायला तो जागा ठेवला तर बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. म्हणून दोन.

आता मुद्द्याचं. मामेभावाचा गेम एकदाचा एनव्हिडियावर चालायला लागला, शंभरच्या पुढे एफपीएस, स्वारी खुश होऊन घरी गेली, आणि रात्री फोन. "दादा, आता एनव्हिडिया चालतंय पण इंटेल पण पंधरा-वीस टक्के दाखवतंय, ते बंद करू का?" मी म्हटलं अरे हात लावू नकोस, ते बंद केलंस तर तुला गेम दिसणार कुठून?

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. आपल्याला वाटतं स्विचिंग म्हणजे एक बंद आणि दुसरा चालू, म्हणजे स्क्रीनची वायर ह्याच्यातून काढून त्याच्यात घातल्यासारखं. बहुतेक लॅपटॉपमध्ये तसं काही होतच नाही. स्क्रीनची वायर कायम इंटिग्रेटेडला जोडलेली असते. गेम चालू असताना डेडिकेटेड फ्रेम तयार करतो, ती तयार फ्रेम पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या, रस्त्याने रॅममध्ये आणून टाकतो, आणि तिथून उचलून स्क्रीनवर लावायचं काम इंटिग्रेटेड करतो. म्हणजे ते पंधरा-वीस टक्के जे दिसत होते ना, ती ही हमाली. पेंटर वेगळा आणि भिंतीवर चित्र टांगणारा वेगळा, आणि भिंतीची किल्ली टांगणाऱ्याकडेच.

हा द्राविडी प्राणायाम ऐकून वाटतं की केवढा वेळ वाया जात असेल. हिशोब करून बघू. फुल एचडी स्क्रीन म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७३ हजार पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एक फ्रेम जवळपास ८ एमबी. १४४ एफपीएस धरले तर सेकंदाला सुमारे १.२ जीबी नुसती चित्रांची ने-आण. पीसीआयई ३ च्या आठ लेन असतील तर एका दिशेला सेकंदाला जवळपास ८ जीबी जातात, म्हणजे रस्ता पुरतो, पण फुकट नाही, प्रत्येक फ्रेमला कॉपी व्हायला थोडा वेळ लागतो आणि तेवढा उशीर तुमच्या माउसच्या हालचालीत मिसळतो. गंमत अशी की जड गेम ५०-६० एफपीएसवर चालत असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही, आणि हलके नेमबाजीचे गेम जे दोनशे-अडीचशे एफपीएसवर पळतात तिथेच तो जास्त बोचतो, कारण तिथे कॉपी करायच्या फ्रेमच चौपट.

हा प्रकार यायच्या आधीचे दिवस बघितले तर आत्ताचा त्रास काहीच नाही असं वाटेल. सोनीच्या वायो एसझेड लॅपटॉपवर २००६ मध्ये चक्क बटण होतं, एका बाजूला स्टॅमिना आणि दुसऱ्या बाजूला स्पीड, आणि ते सरकवलं की लॅपटॉप रीस्टार्ट करायचा. २००८ च्या शेवटी आलेल्या मॅकबुक प्रोमध्ये दोन ग्राफिक्स होते, त्यात बदलायचं तर लॉग आउट करावं लागायचं. आता सांगा, चालू काम सेव्ह करून, सगळं बंद करून, बटण दाबून, परत सगळं उघडणार कोण? जे सेटिंग एकदा झालं तेच कायम. मग फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस जाहीर केलं, आणि वर सांगितलेली ती कॉपी करायची पद्धत तिथून सगळीकडे पसरली. वायर हलवायचीच नाही, काम हलवायचं.

आता कुठलं काम कुणाकडे जाणार हे ठरवतं कोण? इथे तीन जण बोलतात. पहिला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्याकडे गेमच्या फाइलच्या नावांची यादी असते, ओळखीचं नाव दिसलं की डेडिकेटेड उठवायचा. दुसरा गेम बनवणारा, तो प्रोग्रॅममध्येच एक खूण ठेवू शकतो की मला दमदार कार्ड हवंय, एनव्हिडियासाठी वेगळी खूण आणि एएमडीसाठी वेगळी. तिसरं विंडोज स्वतः, आणि हा तिसरा सगळ्यात वरचढ. विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून सेटिंगमध्ये सिस्टम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स इथे प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळं सांगता येतं: विंडोजला ठरवू दे, पॉवर सेव्हिंग किंवा हाय परफॉर्मन्स. कित्येक जण एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन हाय परफॉर्मन्स लावतात, दहा वेळा अप्लाय दाबतात, तरी काही होत नाही म्हणून वैतागतात, कारण विंडोजच्या ह्या पानावर त्याच प्रोग्रॅमपुढे दुसरंच काही लिहिलेलं असतं आणि शेवटी ह्याचंच चालतं. म्हणून मी तर सरळ सांगतो, एनव्हिडियाचं पॅनल विसरा, विंडोजचं पान उघडा.

माइनक्राफ्टचं कसं झालं बघा. त्याचं जावा एडिशन हे "माइनक्राफ्ट" नावाच्या फाइलने चालतच नाही, चालतं ते जावाडब्ल्यू नावाच्या फाइलने, आणि जावाने काय वाट्टेल ते चालवता येतं, ऑफिसचं एखादं जुनाट सॉफ्टवेअर पण. त्यामुळे नुसतं ते नाव बघून हा गेम आहे हे यादीवाल्याला कळणार कसं. मामेभावाने आधी लाँचरला हाय परफॉर्मन्स लावून ठेवलं होतं, म्हणजे गेमला नाही तर गेम उघडून देणाऱ्या दरवाज्याला. आम्ही काय केलं, गेम चालू असताना टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जावाडब्ल्यू शोधला, राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन, तो पार आतल्या रनटाइम फोल्डरमध्ये निघाला, तो पत्ता कॉपी करून ग्राफिक्सच्या पानावर तीच फाइल जोडली, हाय परफॉर्मन्स, सेव्ह. तरी काही फरक नाही! कारण गेम बंद करून परत उघडला नव्हता.

हे पण लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रोग्रॅम सुरू होताना कार्ड निवडतो आणि त्याचा सगळा पसारा, टेक्स्चर वगैरे, त्याच कार्डाच्या मेमरीत मांडतो. मधेच तो पसारा उचलून दुसऱ्याकडे जात नाही. सेटिंग बदललं की तो प्रोग्रॅम पूर्ण बंद करायचा आणि नव्याने उघडायचा, लॅपटॉप रीस्टार्ट करायची गरज नाही.

आणि मग येतो मक्स. हल्लीच्या गेमिंग लॅपटॉपच्या जाहिरातीत "मक्स स्विच आहे" असं मोठ्या अभिमानाने लिहितात, तर ते म्हणजे खरोखरची वायर बदलण्याची सोय. मदरबोर्डवर एक छोटी चिप असते, रेल्वेच्या सांध्यासारखी, ती स्क्रीनची लाइन इंटिग्रेटेडकडून काढून थेट डेडिकेटेडला जोडते. मग कॉपी नाही, हमाली नाही, काढली फ्रेम की स्क्रीनवर. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंगं) हे हायब्रिड (म्हणजे वरची कॉपीवाली पद्धत), डिस्क्रीट, अल्टिमेट (म्हणजे थेट डेडिकेटेड) अशा नाना नावांनी सापडतं, आणि साध्या मक्सला रीस्टार्ट लागतोच. आतल्या स्क्रीनवर एनव्हिडियाचं जी-सिंक (स्क्रीनचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) हवं असेल तरी वायर डेडिकेटेडकडेच असावी लागते. २०२० मध्ये एनव्हिडियाने अॅडव्हान्स्ड ऑप्टिमस आणलं आणि २०२२ मध्ये एएमडीने स्मार्ट अॅक्सेस ग्राफिक्स, ह्यात हे सांधे बदलणं चालू असतानाच होतं, रीस्टार्ट नाही, फक्त स्क्रीन क्षणभर थबकते तेव्हा घाबरायचं नाही.

एक सावधगिरी, आणि ही कळकळीने सांगतो. बायोसमध्ये जाऊन असले बदल करण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की कुठे आहे ते बघून ठेवा. बायोसचं सेटिंग बदललं की कधी कधी विंडोजला वाटतं कुणीतरी छेडछाड केलीय आणि ते ४८ आकडी की मागत बसतं, आणि आपल्याकडे बिटलॉकर चालू आहे हेच अर्ध्या लोकांना त्या निळ्या पडद्यावर पहिल्यांदा कळतं.

मक्स नाही म्हणून रडू नका, बाहेरचा मॉनिटर असेल तर बऱ्याचदा काम होतं. पुष्कळ लॅपटॉपमध्ये आतली स्क्रीन इंटिग्रेटेडला असली तरी एचडीएमआयचं पोर्ट थेट डेडिकेटेडला जोडलेलं असतं, त्यामुळे मॉनिटर तिथे लावला की मधली कॉपी आपोआप टळते. यूएसबी-सीचं मात्र ज्याचं त्याचं वेगळं, काहींमध्ये इकडे काहींमध्ये तिकडे. आपलं कुठे जातं हे बघायचं तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये फिजएक्सचं पान उघडा, फिजएक्सशी आपल्याला काही देणंघेणं नाही, पण तिथे कुठली स्क्रीन कुठल्या जीपीयूला लागलीय ह्याचं सरळ चित्र काढून दाखवलेलं असतं. (वर एनव्हिडियाचं पॅनल विसरा म्हणालो ते एवढं पान सोडून.)

ह्याचीच दुसरी बाजू बॅटरीची. मॉनिटर डेडिकेटेडच्या पोर्टला लावला की तो झोपू शकत नाही, तुम्ही नुसती एक्सेल बघत असलात तरी. आणि डेडिकेटेड जागा असणं म्हणजे काय, ह्याचा अंदाज घ्या. समजा बॅटरी ६० वॉटअवरची आहे आणि साधं काम करताना अख्खा लॅपटॉप ८ वॉट खातो, तर साडेसात तास. आता डेडिकेटेड काहीही न करता नुसता जागा राहून अजून ८ वॉट खायला लागला तर पावणेचार तास. काही न करता! एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपा कामाशिवाय जवळपास पूर्ण वीज तोडून झोपू शकतात, पण त्यांना कुणी हलवलं नाही तर.

आणि हलवणारे कमी नसतात. माझा स्वतःचा किस्सा. लॅपटॉपचा पंखा बसल्या बसल्या फिरायचा, बॅटरी दुपारपर्यंत पण टिकेना, म्हणून तापमान बघायला एक विजेट टाकलं, कोपऱ्यात सुंदर आकडे दिसायला लागले, आणि पंखा अजूनच फिरायला लागला. दोन आठवडे मी चिपवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदलायचा विचार करत होतो. शेवटी कळलं की ते विजेटच दर सेकंदाला डेडिकेटेडला उठवून विचारत होतं, बाबा तुझं तापमान किती? कुंपणच शेत खात होतं. एनव्हिडियावाल्यांसाठी एक सोपी युक्ती आहे, त्याच कंट्रोल पॅनलच्या मेनूमधून नोटिफिकेशनच्या पट्टीत जीपीयू अॅक्टिव्हिटीचा आयकॉन चालू करता येतो, त्यावर क्लिक केलं की आत्ता कोण कोण डेडिकेटेड वापरतंय त्यांची नावं दिसतात. हलते वॉलपेपर, गेमचे लाँचर, आरजीबी लाइटची सॉफ्टवेअरं, हे नेहमीचे गुन्हेगार.

ब्राउझरला मात्र हाय परफॉर्मन्स लावू नका, प्लीज. व्हिडिओ उलगडायला इंटिग्रेटेडमध्ये वेगळा खास भाग असतो, इंटेलच्या क्विक सिंकसारखा, तो हे काम अगदी थोड्या विजेत करतो. त्यासाठी डेडिकेटेड उठवून व्हिडिओ काही जास्त छान दिसणार नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एकाला डिसेबल करणं हा उपाय पण बरेच जण सुचवतात, तो करू नका. इंटिग्रेटेड बंद केलात तर स्क्रीनची वायर त्याच्याकडेच असल्यामुळे विंडोज मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्लेवर येतं, सगळं अडखळत चालतं आणि एनव्हिडियाचं पॅनल पण उघडत नाही. डेडिकेटेड बंद केलात तर त्याला झोपवणारा ड्रायव्हरच गेला, त्यामुळे चिपची वीज तुटेलच ह्याची खात्री नाही, उलट काही लॅपटॉपमध्ये ती जास्तच खाते. खरंच बंद ठेवायचा असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये इको किंवा फक्त इंटिग्रेटेड असा मोड आहे का बघा, तो नीट वीज तोडतो.

आता थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग, घरच्या घरी एआय मॉडेल चालवणं ही मंडळी. ह्यांना वायरशी काही घेणं नाही, कारण तिथे डेडिकेटेड चित्र दाखवत नसतो, गणित करत असतो. ब्लेंडरमध्ये प्रेफरन्सेसच्या सिस्टममध्ये जाऊन ऑप्टिक्स किंवा कुडा (एनव्हिडिया कार्डावर गणित करायच्या पद्धती) निवडायचं, मक्स असो नसो काही फरक नाही. उलट ह्या कामाला हायब्रिडच चांगलं, कारण डेस्कटॉप, ब्राउझर हे सगळं इंटिग्रेटेडवर राहतं आणि डेडिकेटेडची मेमरी पूर्ण मोकळी मिळते. ६ जीबीच्या कार्डावर तीन-चारशे एमबी वाचले तरी कधी कधी तेवढ्यासाठीच मॉडेल मावतं की नाही हे ठरतं.

मॅकवाल्यांना हे आता इतिहासजमा आहे, इंटेलच्या मॅकबुक प्रोमध्ये २०१० पासून आपोआप ग्राफिक्स बदलायची सोय होती, पण २०२० पासून अॅपलच्या स्वतःच्या चिपा आल्या आणि त्यात एकच ग्राफिक्स, विषय संपला. लिनक्सवाल्यांनी मात्र भोगलंय. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं ते सगळ्यांनी बघितलंय, पण ते कुठल्या प्रश्नावरून झालं हे फार जणांना माहीत नसतं, तो प्रश्न एका ऑप्टिमस लॅपटॉपवालीचाच होता. आता परिस्थिती बरीच सुधारलीय, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये २०१९ पासून फ्रेम दुसऱ्याकडून काढून घ्यायची सोय आहे आणि लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये आयकॉनवर राइट क्लिक करून डेडिकेटेडवर चालवा असं सांगता येतं.

मी स्वतः काय ठेवलंय म्हणाल तर कायम हायब्रिड, विंडोजच्या ग्राफिक्स पानावर दोन गेम आणि एक एडिटर एवढ्यांना हाय परफॉर्मन्स, ब्राउझरला पॉवर सेव्हिंग, बाकी सगळं विंडोजवर सोडलेलं. मक्स आहे माझ्या लॅपटॉपमध्ये, वर्षभरात तीनदा वापरला असेल, तोही चार्जर लावून, कारण बॅटरीवर डेडिकेटेडला पूर्ण वीज मिळतच नाही, मग वायर कुठेही जोडा. आणि ते तापमानाचं विजेट काढून टाकलंय.